पगार, हौस आणि फलत्याग

पगार हा शब्द आपल्या भाषेला पोर्तुगिजांनी दिला. चावी, पाव, बटाटा, काजू, घमेले यांच्या सोबतीने तो कोकणच्या किनाऱ्यावर उतरला आणि, १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई सर करून उत्तर कोकणातील फिरंग्यांचा अंमल संपुष्टात आणला, पुढे १९६१ साली गोव्यातूनही त्यांचे निशाण उतरले, तरी या शब्दाने मात्र आपले ठाणे सोडले नाही. उलट घाट चढून, वऱ्हाड ओलांडून, समुद्र ज्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नाही अशा वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटच्या आणि पुलगावच्या गिरणीकामगारांच्या तोंडी तो असा रुळला की, त्याचा मूळ धनी कोण याची चौकशी करण्याचे कोणाला कारणच उरले नाही. ज्यांनी आपल्याला हा शब्द दिला त्यांच्याच देशाचा एक संघ २००७ साली रग्बी या खेळाच्या जागतिक स्पर्धेत उतरला, त्यातील बहुतेक खेळाडू खेळाचा पगार न घेणारे होते, आणि चारही सामने हरून ते आपापल्या कामावर परतले, ही हकीकत मला कळली तेव्हा तिला निव्वळ क्रीडावृत्त म्हणून बाजूला सारणे मला जमले नाही. कारण मी ज्या गावी राहतो तेथे, गोपुरीच्या गीताई मंदिरात, छताशिवाय उघड्या आकाशाखाली उभ्या असलेल्या शिळांवर विनोबांच्या गीताईचे श्लोक कोरलेले आहेत. आणि दुसऱ्या अध्यायाच्या शिळांपाशी उभे राहिले म्हणजे फलत्यागाचा प्रश्न हा ग्रंथातला प्रश्न राहत नाही, तो आपल्या दिवसभराच्या कामाचा प्रश्न होतो.

तो प्रश्न असा. ज्या कर्माचा मोबदला घेतला नाही ते निष्काम म्हणावे काय? की मोबदला न घेणाऱ्याच्याही मनात फळाची आशा दडून राहू शकते आणि मोबदला घेणाराही फलत्यागी असू शकतो? आणि या दोहोंहून अवघड गोष्ट ही की, जिंकण्याच्या इच्छेवाचून जो संभवतच नाही तो खेळ, त्याला फलत्यागाच्या विचारात स्थान तरी कोठे आहे?

ज्या खेळाविषयी बोलायचे तो आपल्या बाजूला फारसा खेळला जात नाही, म्हणून त्याची थोडी ओळख करून देणे भाग आहे. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गडी असतात, सामना ऐंशी मिनिटे चालतो आणि लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या सीमेपलीकडे जमिनीला टेकवणे हे त्यातील मुख्य कार्य असते. चेंडू ज्याच्या हाती असेल त्याला कवळ घालून पाडण्याची मुभा असल्यामुळे आपल्या हुतुतूतील पकड आणि आखाड्यातील पट या दोहोंची आठवण करून देणारा असा तो अंगमेहनतीचा आणि अंगाला अंग भिडवणारा खेळ आहे. परंतु त्याचा जो नियम मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटला तो निराळाच: हाताने चेंडू पुढे फेकण्यास मनाई आहे. पुढे जायचे असेल तर स्वतः धावावे; आणि चेंडू दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो मागच्यालाच द्यावा. म्हणजे धावणाऱ्याने आपल्या श्रमाने जी भूमी मिळवली तिचा लाभ, त्याच्या मागून येणाऱ्या आणि त्या क्षणी त्याच्या दृष्टीआड असलेल्या गड्याच्या हाती सोपवल्याखेरीज हा खेळ पुढे सरकत नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात वेदान्त नव्हता हे उघड आहे. तथापि काही नियम त्यांच्या कर्त्यांहून अधिक जाणते असतात.

पोर्तुगालच्या त्या संघाचा नायक वास्को उवा हा लिस्बनचा, व्यवसायाने वकील, आणि त्याचा क्लबही त्या शहरातील कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या परंपरेतून आलेला, 'दिरैतो' म्हणजे कायदा याच नावाचा. संघात त्याचा भाऊ गोंसालोही होता. आठ गड्यांची जी कोंडाळी खांद्याला खांदा लावून प्रतिपक्षाशी भिडते, जिला त्या खेळात स्क्रम म्हणतात, तिच्या अगदी पाठीमागे उभे राहून सर्वांचा रेटा एकवटणारा आठव्या क्रमांकाचा गडी तो उवा. देशासाठी तो शंभराहून अधिक सामने खेळला. ज्या देशात लोकांचे सारे लक्ष फुटबॉलने व्यापलेले आहे आणि रग्बीचे मैदान हे थोड्या कुटुंबांचे, थोड्या महाविद्यालयांचे आणि पुष्कळशा हौसेचे क्षेत्र आहे, तेथे इतकी वर्षे दिवसा दफ्तरातील कागद आणि संध्याकाळी मैदानावरील चिखल असा दुहेरी संसार चालवणे म्हणजे काय, हे नाटकाची तालीम करून रात्री घरी परतणाऱ्या आपल्याकडच्या कारकुनाला आणि शाळामास्तराला मी सांगायला नको. आपल्या भाषेत अशा माणसाला हौशी म्हणतात. हौस हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि मूळच्या वासनेच्या अर्थापासून हळूहळू निर्मळ होत होत त्याने मराठीत एक प्रकारची निरपेक्ष प्रीती व्यक्त करण्याचा अधिकार मिळवला. शब्दाचीसुद्धा अशी चित्तशुद्धी होते.

त्या स्पर्धेत प्रवेश मिळवण्यासाठी त्यांना उरुग्वे या देशाशी दोन सामने खेळावे लागले. मार्च २००७ मधील पहिला लिस्बनचा सामना त्यांनी १२-५ असा जिंकला आणि माँटेव्हिडिओचा दुसरा १८-१२ असा गमावला. दोन्ही सामन्यांची बेरीज केली तेव्हा २४-२३, म्हणजे एका गुणाचे आधिक्य त्यांच्या पदरी होते. हरलेल्या सामन्याच्या दिवशी त्यांना हवे ते मिळाले! पुढे सप्टेंबरात फ्रान्समध्ये स्कॉटलंडकडून ५६-१० असा पराभव झाला, तरी त्या सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून पराभूत पक्षाच्या उवाचेच नाव पुकारले गेले. नंतर न्यूझीलंड, इटली, रूमानिया. शेवटच्या रूमानियाविरुद्धच्या सामन्यात ते १४-१० असे, केवळ चार गुणांनी हरले आणि थोडक्यात हरणाऱ्यास जो एक गुण मिळतो तो त्यांच्या नावे मांडला गेला. चार सामन्यांचा सारा जमाखर्च तेवढाच.

परंतु मला ज्याच्याविषयी लिहायचे आहे तो सामना १५ सप्टेंबरचा, लियाँ शहरातील. समोर न्यूझीलंडचा संघ होता, ज्याच्याशी खेळताना जगातील मातब्बर व्यावसायिक संघांनाही धास्ती वाटते. निकाल १०८-१३. हा १०८ चा आकडा आपल्याकडे जपमाळेच्या मण्यांचा आहे, आणि मणी ओढणारा काही नफा मोजत नसतो, हे येथे सहज मनात आले. विजय अशक्य आहे हे त्या पंधरा जणांना पहिल्या वीस मिनिटांत कळून चुकले असणार. किंबहुना लिस्बनहून निघतानाच ते कळलेले असणार. मग उरलेला तासभर ते काय करीत होते? जे धावत होते, पाडले जात होते, पुन्हा उठून त्याच बलाढ्य देहांना कवळ घालीत होते, ते कशाच्या आशेने? उत्तरार्धात स्क्रमच्या पहिल्या ओळीतला रुई कोर्देइरो चेंडू घेऊन सीमेपलीकडे पडला, पाच गुण झाले आणि प्रेक्षागाराने त्या पाच गुणांचा असा गौरव केला की जणू सामन्याचा निकालच त्यावर अवलंबून होता. ही गोष्ट भाबडेपणाची नव्हे. निकालाचा हिशेब एका बाजूला गळून पडल्यावर कृती स्वतःच्या तेजाने दिसू लागते, ती त्या दिवशी हजारो माणसांना एकाच वेळी दिसली, असे मी तिच्याविषयी म्हणेन.

येथे कोणी म्हणेल की, यात फलत्याग कसला? फळ मिळण्याची शक्यताच नव्हती, तेव्हा सोडले काय? द्राक्षे हाती न लागलेल्या कोल्ह्याला आपण विरक्त म्हणत नाही. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर द्यायचे तर फळ म्हणजे काय याचा नीट छडा लावला पाहिजे. खेळणाऱ्याने गुण मिळवण्याची खटपट केलीच पाहिजे. जो ती करीत नाही तो स्वतःशी बेइमान होतो आणि प्रतिपक्षाचाही अपमान करतो. कृष्णाने अर्जुनाला 'कसेही बाण सोड' असे कोठेही सांगितलेले नाही. नेम धरूनच सोडावयाचा आहे. तेव्हा नेम वेगळा आणि आशा वेगळी. नेम हा कर्माच्या आत असतो, कर्माचा आकार त्यानेच ठरतो. विणकराच्या मनात कापड नसेल तर त्याचा धोटा जाईल कोठे? आशा मात्र कर्माच्या बाहेर उभी राहून त्याच्याकडून काहीतरी वसूल करू पाहते: कीर्ती, पैसा, सूड, किंवा निदान 'मी कोणी आहे' याची सनद. लियाँच्या मैदानावर पोर्तुगालच्या गड्यांचा नेम शेवटच्या क्षणापर्यंत अढळ राहिला आणि वसुलीची वाट मात्र पूर्णपणे बंद होती. वसुली बंद झाली की आपल्यापैकी बहुतेकांचा नेमही सुटतो. उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी शिकवणारा शिक्षक, बदलीचा हुकूम हाती पडलेला अंमलदार, पीक बुडाल्याचे कळून चुकलेला शेतकरी यांनी स्वतःच्या अंतःकरणाला विचारून पाहावे. कोल्ह्याने द्राक्षांचा वेल निंदला आणि त्याच्याकडे पाठ फिरवली. निराशेनंतरही त्याच वेलाला पाणी घालणारा जो असेल त्याला कोल्ह्याचा दृष्टान्त लागू पडत नाही.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींच्या लेखणीने ती टिपली गेल्यामुळे ती आपल्याला लाभली, हे सर्वविदित आहे. त्यांत कर्म, विकर्म आणि अकर्म या तीन शब्दांचा जो अर्थ त्यांनी लावला तो प्राचीन भाष्यकारांहून निराळा आहे. विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म, ही रूढ व्याख्या बाजूला ठेवून ते त्याला विशेष कर्म म्हणतात: बाहेरच्या कृतीला आतून येऊन मिळणारे मनाचे कर्म. बाहेरचे कर्म आणि आतले विकर्म एकजीव झाले म्हणजे कर्माचे ओझे उरत नाही, ते करूनही न केल्यासारखे हलके होते, आणि तेच अकर्म. ही उपपत्ती मी पुष्कळदा वाचली होती. परंतु तिचा अनुभव सामान्य माणसाला कोठे मिळतो, असे विचारले तर मी देवपूजेकडे किंवा सूतकताईकडे बोट दाखवले असते. आता मला वाटते की प्रत्येक माणसाला तो बालपणी मिळून चुकलेला असतो, आणि तो खेळात. संध्याकाळी दिवेलागण झाली तरी घरी न येणारी, गुडघे फुटले तरी न रडणारी, कोण जिंकले हे रात्री जेवताना विसरून गेलेली मुले दिवसभरात एखाद्या मजुराइतके श्रम करतात. पण त्या श्रमाला श्रम म्हणावे असे त्यांच्या स्वप्नातही येत नाही. खेळ ही अकर्माची बाल्यावस्था आहे. मोठेपणी ती हरवते, आणि ज्यांची हरवत नाही अशांपैकी काही संत होतात, काही कलावंत होतात व काही जण दिवसा वकिली करून संध्याकाळी मैदानावर जातात.

या विचाराला आपल्या परंपरेत आधार नाही असे समजण्याचे कारण नाही. मराठीतील आद्य गद्यग्रंथ आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, ऋद्धिपूर येथे, म्हाइंभटांनी सिद्ध केला आणि त्याचे नाव लीळाचरित्र. चक्रधरस्वामींचे चालणे, जेवणे, बोलणे, रुसणे अशा प्रत्येक प्रसंगाला तेथे लीळा म्हटले आहे. ब्रह्मसूत्रकारांना जेव्हा प्रश्न पडला की पूर्णकाम ईश्वराला सृष्टी निर्माण करण्याचे प्रयोजन काय, तेव्हा त्यांनीही शेवटी लीलेचाच आश्रय केला: ज्याला काही मिळवायचे नाही तोच खऱ्या अर्थाने खेळू शकतो. आणि आमच्या संतांनी तर हुतुतू, चेंडूफळी, विटीदांडू, फुगडी या पोरांच्या खेळांवर अभंग रचले आणि वारीच्या वाटेवर पांढऱ्या केसांच्या माणसांना फुगडी घालायला लावली. ज्या समाजाने परमार्थ शिकवताना खेळाचे रूपक एवढ्या आवडीने वापरले, त्याने पुढे खेळाला 'रिकामटेकड्यांचा उद्योग' ठरवून शाळेच्या वेळापत्रकात कोपऱ्यात बसवावे, याचे मला मनापासून दुःख आहे.

एवढे लिहून मी थांबलो असतो तर एका मोठ्या असत्याचा भागीदार झालो असतो. कारण बिनपगारी खेळाची स्तुती ही नेहमीच निर्मळ मनाने झालेली नाही, आणि रग्बीचाच इतिहास त्याला साक्ष आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडील परगण्यांत हा खेळ खाणींतील व गिरण्यांतील मजूर खेळत. त्या काळी शनिवारी अर्धा दिवस काम असे. सामन्यासाठी मजूर गेला की त्याचा रोज बुडे. हा बुडालेला रोज भरून द्यावा, याहून अधिक नको, अशी उत्तरेकडील संघांची मागणी होती. १८९३ च्या सर्वसाधारण सभेत ती २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली गेली; फेटाळणाऱ्यांचे म्हणणे असे की, पैसा शिरला की खेळाचे पावित्र्य भ्रष्ट होईल. ज्यांना आपल्या शनिवारची कधी किंमत मोजावी लागली नव्हती अशा लोकांनी ज्यांच्या घरी शनिवारच्या रोजावर रविवारची चूल पेटत होती त्यांना हा निष्कामतेचा उपदेश केला! शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे उत्तरेचे वीसेक संघ वेगळे झाले आणि या खेळाची दोन शकले झाली, ती आजतागायत आहेत. मूळ शाखेने पगाराची बंदी उठवली ती तब्बल शंभर वर्षांनी, १९९५ च्या ऑगस्टमध्ये. हिंगणघाटचा कापूस ज्या काळी लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या बाजारात आपल्या गावाच्या नावाने ओळखला जात होता, तोच हा काळ. तेव्हा लँकेशायरच्या मजुराचा बुडालेला रोज आणि आमच्या कुणब्याच्या कपाशीचा पडलेला भाव हे एकाच बाजारपेठेच्या ताळेबंदातील दोन रकाने होते, हे वर्धा जिल्ह्यातील वाचकाने विसरू नये.

दुसऱ्याच्या वतीने फलत्याग करता येत नाही. मजुराने मजुरीची आशा सोडावी असे सांगण्याचा अधिकार मालकाला नाही. तो उपदेश त्याच्या मुखातून बाहेर पडताच शोषणाचे साधन होतो. हे विनोबांना जेवढे कळले होते तेवढे थोड्यांना कळले असेल. गीतेवर बोलून ते थांबले नाहीत. वर्ध्यालगतच्या नालवाडीला बसून त्यांनी तास न् तास सूत काढले आणि कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते तेवढ्यात माणूस जगू शकतो का, याचा आपल्याच देहावर पडताळा घेतला. १९३५ साली चरखा संघाने, खादी महाग होऊन खप घटण्याचा धोका पत्करूनही, कातणाऱ्यांची मजुरी वाढवण्याचे धोरण स्वीकारले. फलत्यागाचा सर्वांत थोर आधुनिक आचार्य कातणारणीच्या मजुरीचा आण्यापैपर्यंत हिशेब मांडतो, यात मला यत्किंचितही विसंगती दिसत नाही. त्याच माणसाने पुढे १९५० साली पवनारच्या आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला, पैशाचा स्पर्शच नको म्हणून स्वतः कुदळ हाती घेतली. परंतु तो संकल्प त्याने स्वतःसाठी आणि स्वेच्छेने आलेल्या साथीदारांसाठी केला होता. दुसऱ्याचा पगार चुकता करावा आणि स्वतःच्या पगाराशी मन गुंतू देऊ नये, अशा या दोन बाजू आहेत. त्यांपैकी पहिली गाळून दुसरीचाच गजर करणाऱ्यांपासून गीतेचे रक्षण करण्याची पाळी प्रत्येक पिढीवर येते.

म्हणून उवा आणि त्याचे सोबती यांनाही मी केवळ बिनपगारी म्हणून वंदनीय मानणार नाही. त्यांच्यात वकील होते, विद्यार्थी होते. त्यांचा रोज बुडत असला तरी त्यावाचून चूल विझत नव्हती, आणि त्यागाच्या मोजमापात ही गोष्ट धरली पाहिजे. त्यांच्यापाशी जे अमोल होते ते निराळे होते: खेळाशी जडलेले ते नाते, जे पगार मिळाल्याने उपजले नव्हते आणि पराभव मिळाल्याने तुटले नाही. असे नाते पगारदार खेळाडूच्या ठायीही असू शकते. आजारी माणसाची शुश्रूषा करणारी परिचारिका महिन्याच्या अखेरीस पगार घेते, म्हणून तिची रात्रीची जागरणे विकत घेतलेली ठरत नाहीत.

आणखी एक शंका उरते, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. हा संघ सर्वांच्या स्मरणात राहिला तो त्याच्या राष्ट्रगीतामुळे. सामन्यापूर्वी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ते गीत म्हणताना त्या धिप्पाड माणसांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत आणि पाहणाऱ्या परक्यांचेही कंठ दाटून येत. मग हे अश्रू कशाचे? देशाभिमान हीही एक फळाशाच नव्हे काय, द्रव्याच्या आशेहून अधिक चिवट?

या शंकेचा विचार करताना मला आपल्याच जिल्ह्यातील एक प्रसंग आठवतो. मुंबईत त्या काळी क्रिकेटची पंचरंगी स्पर्धा होत असे. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि बाकीचे अशी धर्मवार व जातवार संघांची वाटणी. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे पदाधिकारी या स्पर्धेविषयी सल्ला विचारण्यासाठी वर्ध्याला गांधीजींकडे आले. दोनच महिन्यांपूर्वी, १७ ऑक्टोबरला, पवनारला विनोबांनी पहिल्या वैयक्तिक सत्याग्रहीच्या नात्याने भाषण केले होते. युद्ध चालू होते आणि सत्याग्रही तुरुंगात जात होते. अशा वेळी क्रिकेटच्या सामन्याचा प्रश्न गांधीजींनी क्षुल्लक म्हणून टाळला नाही. हे सामने बंद व्हावेत असे म्हणणाऱ्यांकडे आपला कल असल्याचे सांगून त्यांनी, संस्था-संस्थांचे संघ आपण समजू शकतो पण हिंदूंचा संघ आणि मुसलमानांचा संघ यांचे प्रयोजन आपल्याला कधीच कळलेले नाही, अशा आशयाचे मत दिले. हिंदू जिमखान्याने त्या वर्षी आपला संघ मागे घेतला. स्पर्धा पुढे काही वर्षे चालली आणि १९४६ नंतर ती झाली नाही. गांधीजींना स्वतःला खेळांची गोडी नव्हती, हे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवले आहे. तरीही खेळातील विष कोठे असते ते त्यांनी अचूक हेरले. दुसऱ्या कोणाला तरी हीन ठरवल्याखेरीज ज्या अभिमानाला तृप्ती नाही, तो अभिमान मैदानावर आला की फळाची आशा शिगेला पोचते. कारण मग विजय हा केवळ गुणांचा राहत नाही, तो पिढ्यान् पिढ्यांच्या वैराची वसुली होऊन बसतो.

लियाँच्या अश्रूंना ही कसोटी लावली तर ते निर्मळ ठरतात असे माझे मत आहे. तासाभराने आपला दारुण पराभव होणार हे माहीत असून जो देशासाठी रडतो, तो देशाकडून काही मागत नाही आणि देशाच्या नावाने कोणाचे काही घेतही नाही. कोणाकडून तरी मिळालेले ऋण त्याला एकाएकी जाणवते, इतकेच. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात लोकसंग्रहावर जो भर दिला आहे तो येथे उपयोगी पडतो. निष्काम माणूस एकटा नसतो. तो मागून येणाऱ्यांसाठी करीत असतो. हाताने चेंडू मागेच द्यायचा, हा नियम येथे पुन्हा आठवावा.

मागून येणारे आले, त्याला सोळा वर्षे लागली. २०२३ च्या जागतिक स्पर्धेत पोर्तुगालचा संघ पुन्हा फ्रान्समध्ये उतरला. मधल्या तीन स्पर्धांना त्यांना प्रवेशच मिळाला नव्हता. या वेळी संघात फ्रान्समधील व्यावसायिक क्लबांचे पगारदार खेळाडू पुष्कळ होते आणि त्यांच्या शेजारी दुसऱ्या व्यवसायावर जगणारेही होते. नायक तोमाश ॲपल्टन हा शिक्षणाने दंतवैद्य. पगार आणि हौस एकाच कोंडाळीत खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि रेटा देताना त्यांतील कोणता खांदा कोणाचा हे वेगळे काढता येत नव्हते. वेल्सकडून ते हरले, जॉर्जियाशी १८-१८ अशी बरोबरी केली, ऑस्ट्रेलियाकडून हरले. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी तुलूझ येथे, ज्या शहरात २००७ च्या संघाने रूमानियाविरुद्ध आपला शेवटचा सामना चार गुणांनी गमावला होता तेथेच, त्यांनी फिजी या बलाढ्य संघाला हरवले. जागतिक स्पर्धेतील पोर्तुगालचा तो पहिला विजय. गुण होते २४-२३. माँटेव्हिडिओच्या बेरजेचा आकडाही तोच होता. वास्को उवा त्या दिवशी मैदानावर नव्हता. त्याने पेरलेले दुसऱ्यांनी कापले, आणि शेतकऱ्याच्या मुलखात राहणाऱ्या माझ्यासारख्याला यात आश्चर्य वाटण्याजोगे काहीच नाही. आमच्याकडे आंबा लावणारा म्हातारा सावलीचा आणि फळांचा हिशेब मांडीत नाही, आणि तरीही खड्डा मात्र पुरेसा खोल खणतो.

आता जे सांगायचे ते आपल्या जिल्ह्यातील जाणत्या माणसांना. देवळीला, आर्वीला, समुद्रपूरला, सेलूला आजही संध्याकाळी पोरे हुतुतूचे मैदान आखतात आणि आखाड्यातील माती कपाळाला लावून कुस्तीला उतरतात. त्यांतील पुष्कळजण कपाशी वेचणाऱ्या, सोयाबीन कापणाऱ्या मजुरांची मुले आहेत आणि हंगामात स्वतःही रोजाने जातात. तालुक्याचा सामना आला की त्यांचा रोज बुडतो. घरी तो बुडालेला चालत नाही म्हणून चांगला गडी मैदान सोडतो, आणि आपण त्याच्या हौसेला दोष देतो. आपण गावोगाव सामने भरवता, मंडप घालता, मोठमोठे चषक ठेवता, पाहुण्यांना शालश्रीफळ देता. तो खर्च थोडा आवरा. चषक लहान करा. जो पोरगा सामन्याच्या दिवशी कामाला मुकला, त्याच्या हाती त्या दिवसाचा रोज, उपकाराची भाषा न करता, सामना सुरू होण्यापूर्वी ठेवा. मग तो जिंको वा हरो.